क्लाउसभाऊचा चोरखिसा

चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तर क्लाउसभाऊ आमच्या घरात कधी आलाच नसता.

इथे अजमानमध्ये, आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली, सोनम डाबरे राहते. वसईची. सुटीच्या दिवशी शारजाच्या चर्चमध्ये लहान मुलांचा धर्माचा वर्ग घेते. ऑक्टोबरच्या अखेरीला त्यांच्याकडे मुलांचा कार्यक्रम असतो. प्रत्येक वर्गाने एका संताची गोष्ट करून दाखवायची. चांगल्या संतांवरून शिक्षिकांमध्ये रुसवेफुगवे होतात, म्हणून नावांच्या चिठ्ठ्या टाकतात. कोणाला पक्ष्यांशी बोलणारा आला, कोणाला घोड्यावर बसून राक्षस मारणारा. सोनमला आला तो कोणाच्याच ओळखीचा नव्हता.

एका संध्याकाळी ती कापडाची पिशवी घेऊन वर आली आणि सोफ्यावर धपकन बसली.

"कुलसुम आंटी, माझं नशीबच फुटकं. ना घोडा, ना तलवार, ना पक्षी. नुसता म्हातारा."

तिने मोबाइलवर चित्र दाखवलं. हाडं वर आलेला उंच माणूस, विस्कटलेली दाढी, पाय अनवाणी, आणि अंगात मानेपासून घोट्यापर्यंत एकच मातकट झगा.

"नाव काय याचं?"

"निक्लाउस. स्वित्झर्लंडचा. साडेपाचशे वर्षांपूर्वीचा. लोक ब्रदर क्लाउस म्हणतात. मलाही कालच कळलं."

"ब्रदर म्हणजे भाऊ. मग क्लाउसभाऊ म्हण की. निम्मी ओळख तिथेच झाली."

सोनम हसली. झगा मी शिवायचा होता. बाजारातल्या शिंप्यांना तिने विचारून पाहिलं होतं. एकाने कंदुरा, म्हणजे इथल्या अरबांचा पायघोळ अंगरखा, शिवून देतो म्हणून सांगितलं, पुढे गोंडा लावलेला. दुसऱ्याने विचारलं, मॅडम, हे फॅन्सी ड्रेस आहे की हॉस्पिटलचं? मी घरीच बसून कामं करते. बायकांचे ड्रेस आत घेणं, अबाया आखूड करणं, शाळेच्या युनिफॉर्मची दुमड सोडणं. शिवण मी कुठे शिकले नाही. लग्नानंतर नवऱ्याचा एक जुना शर्ट घेतला, एकेक टीप उसवली, तुकडे चटईवर मांडले, आणि मग तो परत जोडला. पहिल्यांदा जोडला तेव्हा एक बाही उलटी लागली होती. दुसऱ्यांदा बरोबर आली. माझी शाळा ती तेवढीच.

सोनमने आणलेलं कापड हातात घेतलं तर ते सोफ्याच्या कव्हरचं निघालं. "तपकिरी रंगात दुसरं काही मिळालंच नाही आंटी." मी म्हटलं, राहू दे, लांबून संतासारखंच दिसेल.

"घालणार कोण?"

"रोशन." रोशन म्हणजे तिचा नवरा, विमानतळावर कार्गोत आहे. "मुलं अगदीच लहान आहेत. पण त्याची ड्युटी अशी आहे की मापाला येणं काही जमायचं नाही. उंचीने तो आपल्या काकांएवढाच आहे. काकांच्याच मापाने शिवा. पोटाकडे फक्त चार बोटं जास्त धरा."

काका म्हणजे माझे यजमान, जहूर. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही. तोंडाने मी त्यांना मुलाच्या नावाने 'हम्मादचे अब्बा' म्हणते. पण इथे लिहिताना नाव घेते, कागदाला काही ऐकू जात नाही. ते तेव्हा बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. आमच्या बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगची बाल्कनी दिसते. तिथे कोणाचे तरी टॉवेल असतात. जहूर त्या टॉवेलांकडे बघत बसायचे.

मी टेप घेऊन कापड मोजता मोजता सहज विचारलं, "हा क्लाउसभाऊ संत झाला तो कशाने?"

"पन्नासाव्या वर्षी घर सोडलं. एकांतात राहिला. प्रार्थना केली."

"लग्न झालेलं?"

"हो. डोरोथिया नावाची बायको होती."

"पोरंबाळं?"

सोनमने बोटाने मोबाइल वर सरकवला. "दहा."

माझ्या हातातला टेप सर्रकन आत गेला.

"दहा! धाकटं केवढं होतं?"

"इथे लिहिलंय, काही आठवड्यांचंच होतं."

"आणि बायको काय म्हणाली?"

सोनम बराच वेळ शोधत राहिली. "तिने परवानगी दिली. बस, एवढंच आहे."

"अगं, अशी कशी दिली? लगेच दिली? रडली? भांडली? काहीतरी असेल की."

"नाही आंटी. त्याच्याबद्दल खूप आहे. तिच्याबद्दल दीड ओळ."

बाल्कनीतल्या खुर्चीचा आवाज झाला. जहूर काही वळले नाहीत, पण मला कळलं, त्यांचे कान इकडेच होते.

याला कारण होतं. ईद झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एक विचारलं होतं, आणि सहा महिने झाले तरी मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

गावी आमच्या खाडीच्या वर, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, माझ्या दिराची आंब्याची बाग आहे. तिथे राखणदारासाठी चिऱ्यांची एक खोली बांधलेली आहे. राखणदार आता मिळत नाही, खोली मोकळी पडून आहे. जहूरना तिथे जाऊन राहायचं होतं. चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं.

"मी पण?" मी विचारलं.

"एकटाच," ते म्हणाले. "राग नाही कुलसुम. कोणावरच नाही. नुसतं बसायचंय." आणि मग, "तू हो म्हणशील तरच. तू नाही म्हणालीस तर खलास, परत विषय काढणार नाही."

खरंच त्यांनी परत विषय काढला नाही. तोच तर त्रास. माणूस भांडला असता तर मीही भांडले असते.

ते अठ्ठावीस वर्षं इथे होते आणि मी गावात. एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीत आधी हेल्पर, मग फोरमन. दोन वर्षांनी दोन महिने सुटी. मी एकदा बोटांवर मोजलं होतं. अठ्ठावीस वर्षांत आमचा एकत्र संसार जेमतेम सव्वादोन वर्षांचा. सासू गेली, हम्माद शिकायला मुंबईला गेला, मग मी आणि चार खोल्या. दोन खोल्यांत दोन रेडिओ लावून ठेवायची मी, म्हणजे आतल्या खोलीतही कोणीतरी बोलतंय असं वाटायचं. शेवटी हम्मादला अजमानमध्ये नोकरी लागली, त्याने आईबापाचा व्हिसा काढला, आणि बावन्नाव्या वर्षी माझी पेटी इथे आली. अडीच वर्षं झाली. घरात मुलगा, सून उझमा, नात रुकय्या, आणि दिवसभर कोणाचं ना कोणाचं माप घेणं चालू. मला कोण आनंद. आणि हा माणूस म्हणतो, एकटाच.

नोव्हेंबरमध्ये त्यांचा व्हिसा संपत होता, आणि तो वाढवायचा तर आधी मेडिकल तपासणी लागते. हम्माद रोज विचारायचा, "अम्मी, अब्बांच्या मेडिकलची अपॉइंटमेंट घेऊ ना? डेट मिळत नाही नंतर." मी म्हणायची, थांब जरा. तो विचारायचा, कशासाठी? मी म्हणायची, इन्शाल्ला घेऊ. इन्शाल्ला हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्याखाली काहीही झाकून ठेवता येतं.

म्हणून मला डोरोथियाबाईचं तोंड बघायचं होतं. तिने 'हो' म्हटलं त्या दिवशीचं.

सोनम दर दोन-तीन दिवसांनी वर यायची. झगा हे निमित्त. मी चहा टाकायची आणि ती मोबाइल उघडायची. तिलाही आता चटक लागली होती. मी प्रश्न विचारायची, ती खाली जाऊन शोधायची, कधी फादरना विचारून यायची.

"तो काही रिकामटेकडा नव्हता हं आंटी. शेती होती, गुरं होती. लढाईवर जाऊन आलेला. गावच्या पंचायतीत होता, न्यायनिवाडा करायचा. लिहिता वाचता मात्र येत नव्हतं."

"मग बरोबर. दिवसभर लोकांची भांडणं ऐकायची आणि घरी दहा पोरं. सुट्टी मागणारच."

"आणि एकदम नाही गेला. आधी बरीच वर्षं आतल्या आत झगडत होता. बायकोला विचारत राहिला, ती नाही म्हणत राहिली. शेवटी ती हो म्हणाली."

"किती दिवसांनी?"

"दिवस नाही आंटी. कोणी म्हणतं दोन वर्षं."

मला फार बरं वाटलं. माझे तर सहाच महिने झाले होते.

रुकय्या तिथेच चटईवर गृहपाठ करत होती. आठ वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. सोनमने सांगितलं, क्लाउसभाऊ एकोणीस वर्षं काही खाल्ल्याशिवाय राहिला असं म्हणतात. चर्चमधला प्रसाद सोडला तर काही नाही. त्या काळीही लोकांना खरं वाटेना. सरकारने म्हणे महिनाभर त्याच्या खोपटाभोवती पहारा ठेवला, कोणी चोरून डबा देतं का बघायला.

"दॅट्स नॉट पॉसिबल, दादी," रुकय्या म्हणाली. "ही वुड डाय."

"अगं, म्हणतात."

"हू कुक्ड फॉर द टेन किड्स?"

साडेपाचशे वर्षांत एवढे मोठमोठे लोक त्याच्यावर लिहून गेले. एवढा साधा प्रश्न आमच्या रुकय्याने विचारला.

"पण थांब," मी म्हटलं. "खोपट कुठे होतं त्याचं? डोंगरात?"

"ते ऐका तर." सोनमने पाय वर घेतले. "तो निघाला परदेशी जायला. लांब. चालत चालत पार मुलखाच्या टोकाशी गेला. तिथून समोर एक गाव दिसलं, ते त्याला लालभडक दिसलं, पेटल्यासारखं. वाटेत एक शेतकरी भेटला, तो म्हणाला, बाबा, परका माणूस कोणाला आवडत नाही, आपल्या माणसांत परत जा. तो मागे फिरला. आणि रात्री येऊन झोपला कुठे? स्वतःच्या घराच्या गोठ्यात."

"गोठ्यात! आणि घरात बायको?"

"घरात झोपलेली. तिला सांगितलंच नाही. पहाटे उठून गेला."

माझ्या हातातली सुई थांबली. भिंतीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये गाई. तिला कळलंच नसेल? बाईला कळतं. गाई रात्री वेगळ्या हंबरतात. ती उठून बसली असेल. दाराशी आली असेल. कडीला हात लावला असेल, आणि मग नसेल काढली. आता हे मी मनाचंच सांगतेय, कुठे लिहिलेलं नाही.

"मग?"

"मग घराच्या खालीच एक दरी आहे, तिथे राहिला. लोकांनी त्याला लाकडाची खोली बांधून दिली, छोटंसं देऊळ बांधलं. घरापासून किती लांब माहितीय? चालत दहा मिनिटंसुद्धा नाही."

"काय सांगतेस!"

"एकोणीस वर्षं तिथेच. एक खिडकी देवळात उघडायची, एक बाहेर. मग काय, लांबलांबून लोक सल्ला विचारायला यायला लागले. राज्याराज्यांची भांडणं तोडली म्हणे त्याच्या निरोपाने."

"म्हणजे एकांत शोधायला गेला आणि दाराशी रांग लागली."

बाल्कनीतून जहूरचा आवाज आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते या विषयावर बोलले. "रांग गेल्यावर खिडकी लावून घेता येत होती ना?"

सोनमला वाटलं काका विनोद करतायत. ती हसली. मी नाही हसले.

"काका, तो नेहमी म्हणायचा म्हणे," सोनमने सांगितलं, "देवाने माझ्यावर मोठ्या कृपा केल्या, त्यातली एक ही की बायकोपोरांनी मला हो म्हटलं."

"बरोबर आहे," जहूर म्हणाले आणि पुन्हा टॉवेल बघायला लागले.

जाताना दारात चपला घालता घालता सोनमने आणखी एक सांगितलं. तो झगा अजून तिकडच्या चर्चमध्ये जपून ठेवलाय. आणि तो डोरोथियानेच विणला होता, असं म्हणतात.

ती गेली आणि मी मशीनवर बसले. सोफ्याचं कापड, जाड, सुई वाकत होती. मी हळूहळू चाक हाताने फिरवत टीप घालत होते. डोक्यात एकच. तिने विणला. नवरा जाणार आहे हे माहीत असताना बसून सूत कातलं, मागावर चढवलं, विणलं. एक दिवसाचं काम नव्हे ते. रोज थोडं थोडं 'हो' म्हणायचं. मला राग आला तिचा. मग कीव आली. मग पुन्हा राग. एवढ्यात झगा पुरा झाला, मला कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हम्माद आणि उझमा कामावर, रुकय्या शाळेत, मी जहूरना हाक मारली. "अवो, जरा येता? माप बघायचंय."

ते आले. शर्टावरूनच झगा घातला. अनवाणी होते. हॉलच्या मधोमध उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना सोडून, शाळेतल्या मुलासारखे. मी टाचण्या तोंडात धरून खाली बसले आणि घेराची दुमड टाचायला लागले. वर बघितलं तर चित्रातला माणूस. साठी झालेली, दाढी पांढरी, गालांची हाडं वर. सोफ्याचं कापड असूनही त्यांना ते शोभत होतं.

"गरम आहे," ते म्हणाले.

"हूं," मी म्हटलं. तोंडात सात टाचण्या.

"रोशनचं काय होणार बिचाऱ्याचं." आणि त्यांचा उजवा हात आपोआप छातीवरून डावीकडे आत गेला. काखेच्या खाली, शिवणीच्या आतल्या बाजूला. तिथे थांबला.

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

आमच्याकडे बाहेरगावी निघणाऱ्या पुरुषाच्या कपड्याला बायको आतून चोरखिसा शिवते. डाव्या काखेखाली, चार बोटं रुंद, वर एक हूक. जहूर पहिल्यांदा निघाले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, सासूने शिकवलं. त्यात पत्त्याची चिठ्ठी ठेवली होती, आणि पुठ्ठ्याला गुंडाळून सुई आणि दोन रंगांचा दोरा, बटण तुटलं तर. त्यानंतर प्रत्येक सुटीनंतर, परत जायच्या आदल्या दिवशी, त्यांच्या शर्टाला मी चोरखिसा लावत आले. घरी घालायच्या कपड्याला तो कधी लावत नाहीत. हम्मादच्या शर्टाला आता मी तो लावत नाही, तो कुठे जात नाही म्हणून. तो फक्त जाणाऱ्याचा.

आणि क्लाउसभाऊच्या झग्याला मी तो शिवून ठेवला होता. कधी, कुठल्या टिपेला, मला आठवत नव्हतं. व्यवस्थित, हुकासकट.

"कुलसुम," ते म्हणाले. हात अजून आतच. "खिसा घातलास."

"हूं."

"म्हणजे हो म्हणालीस?"

मला बोलता येईना. टाचण्या होत्या. मी त्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. सात टाचण्या काढायला एवढा वेळ लागत नाही.

"हाताला सवय आहे," मी म्हटलं. "सोफ्याच्या कापडाला काय कळतंय."

"तुझ्या हाताला कळतं."

मी खालीच बसून राहिले. ते तसेच उभे, झग्यात. मग मी विचारलं, सहा महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते. "तिथे बसून करणार काय?"

"काही नाही."

"मग इथे काय करता? इथेही काही नाहीच करत."

ते जरा हसले. मग म्हणाले, "तुला पडदा आठवतो? निळा. साडेसहा फूट लांब शिवून घेतला होता मी."

मला पक्का आठवत होता. दुसऱ्या सुटीतली गोष्ट. नाडी ओवायला वर नेफा ठेवायला सांगितला होता. मी त्याला खाली बारीक पांढरी किनार लावली होती. आणि किती वर्षं, गावच्या घरात एकटी झोपताना, तो पडदा मी डोळ्यांपुढे आणायची. शारजाची खोली, खिडकी, खिडकीतून समुद्र, वाऱ्यावर माझा निळा पडदा.

"खिडकीचा," मी म्हटलं.

"खिडकी नव्हती तिथे. दहा माणसं, खाटेवर खाट. मी खालच्या खाटेवर. पडदा खाटेला लावायचा, उघड्या बाजूने. आत एक माणूस आणि एक पडदा. तेवढंच माझं. पण आवाज थांबत नाही ना पडद्याने. कोणी घोरतंय, कोणी घरी फोनवर भांडतंय, कोणी तोंडावर पांघरूण घेऊन रडतंय. तेही ऐकू यायचं. अठ्ठावीस वर्षांत मी एकदाही एका खोलीत एकटा झोपलो नाही कुलसुम. हॉस्पिटलमध्ये अपेंडिक्स काढलं तेव्हासुद्धा बाजूला दोघे होते."

मला त्यांच्या त्या खोलीत जाऊन माझा समुद्र काढून टाकायचा होता, त्याला थोडा वेळ लागला.

"आणि मी तिकडे दोन रेडिओ लावून बसायची," मी म्हटलं शेवटी. "तुम्हाला ठाऊक नाही ते."

"दोन?"

"दोन खोल्यांत दोन. वेगवेगळी स्टेशनं. म्हणजे घरात माणसं आहेत असं वाटावं."

ते हळूच खाली बसले, माझ्यासमोर, चटईवर. टाचण्या घोट्याला टोचल्या असतील, बोलले नाहीत. इतकी वर्षं दोघांकडेही एकेक गोष्ट ओसंडून वाहत होती, त्यांच्याकडे माणसं, माझ्याकडे एकांत, आणि दुसऱ्याला तीच हवी होती. पण ती अशी कोणी वाटीत काढून देऊ शकत नाही. मला आता त्यांचा एकांत नको होता, माझाच पुष्कळ होऊन गेला होता. त्यांना माझी गर्दी नको होती.

"त्या खोलीला खिडक्या किती आहेत?" मी विचारलं.

"सड्यावरच्या? दोन. एक खाडीकडे."

"दुसरी?"

"वाटेकडे. खालून कोणी येताना दिसतं."

"ती उघडी ठेवायची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आणि जेवायचं," मी म्हटलं. "ते एकोणीस वर्षांचं काही डोक्यात घेऊ नका. दिराकडून डबा येईल. पहारा मी ठेवते."

"खिसा?" त्यांनी विचारलं. "सोनमला दाखवायच्या आधी उसवतेस?"

"नाही उसवत," मी म्हटलं.

हम्मादला सांगताना घरात दोन दिवस वादळ झालं. "अम्मी, पीपल विल टॉक! लोक म्हणतील मुलाने बापाला ठेवलं नाही." उझमा रडली, तिला वाटलं तिचंच काही चुकलं. मी दोघांना समोर बसवलं आणि क्लाउसभाऊची गोष्ट सांगितली. हम्माद शेवटी म्हणाला, "पण ते स्विस होते, अम्मी." अपॉइंटमेंट मात्र त्याने घेतली नाही.

कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो होतो. चर्चच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलो. सोनमने डोरोथियाला पाच वाक्यं दिली होती, तिला सापडलेल्या दीड ओळीतून. बाराएक वर्षांची मुलगी होती, आवाज खणखणीत. दहा मुलं म्हणून दहा पोरं स्टेजवर उभी केली होती; त्यातली दोन आपसांत ढकलाढकली करत होती, ते मात्र अगदी खरं वाटलं. रोशन झग्यात घामाने भिजला होता. निरोप घ्यायच्या ऐन प्रसंगी, डोरोथिया 'जा' म्हणाली आणि त्या संताने डावीकडे आत हात घालून चोरखिशातून चौकडीचा रुमाल काढला, कपाळ पुसलं, घडी घातली, परत ठेवला. पडद्याआड उभ्या सोनमने कपाळावर हात मारून घेतला. हॉल हसला.

जहूर माझ्या कानाशी म्हणाले, "बघ, कामाला आला."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले. आदल्या दुपारी त्यांच्या पांढऱ्या शर्टाला मी खिसा लावला, या वेळी डोळे उघडे ठेवून. विमानतळावर हम्मादने ट्रॉली ढकलली. कार्टन दोरीने बांधलेलं, चारी बाजूंना मार्करने नाव. ते काचेपलीकडे गेले आणि मी रुकय्याचा हात धरून अलीकडे उभी राहिले. आजपर्यंत त्यांना निरोप द्यायला मी गावच्या एसटी स्टँडच्या पुढे कधी गेले नव्हते. माणूस आत जाताना किती वेळ दिसत राहतो ते मला ठाऊकच नव्हतं.

सड्यावर फोनची रेंज एकाच फणसाखाली येते. शुक्रवारी नमाजनंतर ते तिथे येऊन उभे राहतात. पहिल्या शुक्रवारी म्हणाले, शर्टाचं बटण तुटलं होतं, खिशात सुई-दोरा सापडला. दुसऱ्या शुक्रवारी मी विचारलं, कसं वाटतं? ते म्हणाले, "पहिले चार दिवस झोपच आली नाही. कोणी घोरत नव्हतं."

तिसऱ्या शुक्रवारी माझ्याकडे दोन बायका मापाला आल्या होत्या, रुकय्या टीव्ही लावून बसली होती, मशीन चालू होतं. मी फोन खांद्यावर धरून बोलत होते.

"कसला एवढा गोंधळ?" त्यांनी विचारलं.

"घर आहे," मी म्हटलं.

त्यांच्याकडून नुसता वारा ऐकू आला. कुठलातरी पक्षी ओरडला. मग ते म्हणाले, "कुलसुम, तुला सुटी कधी मिळते?"

इतकी वर्षं हा प्रश्न मी विचारत आले होते, खाडीकाठच्या घरातून. मी मशीन थांबवलं.

"दोन वर्षांनी दोन महिने," मी म्हटलं. "कंपनीचा नियम आहे."

"एवढ्या उशिरा?"

"बघते," मी म्हटलं. "मालकिणीला विचारून बघते. आंब्याच्या दिवसांत सोडते का."

"विचार," ते म्हणाले. "वाटेकडची खिडकी उघडीच आहे."